न फुटणारी बांगडी

"एक राहू दे. जुनी एक राहू दे हातात. नवी चढली का मंग काढते."

खामगावची ताहेरा मणियारीण बांगड्या भरताना हे म्हणायचीच. बाई म्हातारी असो, घाईत असो, हात चिखलाचा असो. मनगट क्षणभरसुद्धा उघडं पडू द्यायचं नाही. सासूनं तसं शिकवलं होतं. मणियारणीनं हात भरावा, रिकामा करू नये. तिचे स्वतःचे हात मात्र नवरा गेल्यापासून मोकळेच होते. टोपलीभोवती जमलेल्या पोरी चेष्टा करायच्या.

"ताहेराबी, टोपलंभर बांगड्या हायेत तुह्यापाशी, अन् तुह्या हातात एक नाही?"

"हलवाई कधी पेढा खाते का व?" ती म्हणायची, आणि पोरीचा पंजा असा दाबायची की पोरीला पुढचं सुचू नये.

टोपली घेऊन ती पिंपळगाव राजाला जायची तेव्हा रामराव पाटलांच्या ओट्यावर बसायची. त्या उन्हाळ्यात, लढाई संपून वर्ष होत आलं होतं, तेव्हा पाटलांची सून कोकिळा तिच्यासमोर येऊन बसली. तिचा नवरा इंद्रभान फौजेत होता. ब्रह्मदेशातून तो बेपत्ता झाल्याचं सरकारनं कळवलं होतं. मेला म्हणून नाही, बेपत्ता म्हणून. त्या एका शब्दावर कोकिळा कुंकू लावत होती.

तिनं आधी मागं वळून पाहिलं. सासू आत होती.

"ताहेराबी, फुटत नाही अशी बांगडी असते का?"

"लाखेची घे. लवकर नाही फुटत."

"लवकर नाही. फुटतच नाही अशी."

"काऊन व?"

"आत्याबाई दिवसभर माह्या हाताकडं पाहतात. परवा उखळाले लागून एक तडकली, तं म्हणतात, 'पाह्य, तुले समजून नाही राह्यलं, पन देवाले समजते.' आता बाकीच्याबी फुटल्या, तं या घरात त्याचं नाव घ्याले कोनी राहनार नाही. हातात बांगडी हाये तवरक तो जिता हाये. मी काही येडी नाही, ताहेराबी. पन मले अजून थोडं थांबू द्या."

ताहेरानं तिचा हात हातात घेतला, पण बांगडी भरायला नाही. "पाहते," म्हणाली.

पाहण्यासारखं काहीतरी तिच्या घरी होतं म्हणून ती तसं म्हणाली. तिचा भाऊ वाहेद डबे, कंदील कथलानं झाळायचा. लष्करी भंगाराच्या लिलावातून त्यानं विमानाची काच आणली होती. जाड तुकडा, पाण्यासारखा स्वच्छ, काचेपेक्षा हलका. वाहेदनं तो अंगणातल्या फरशीवर आपटून दाखवला होता, तो नुसता उडाला.

"आपा, याच्या बांगड्या? लोक इमान बनवतात, तू बांगड्या बनवून राह्यली!"

"इमान तं पडलंच ना शेवटी. कापून दे."

वाहेदनं बारीक करवतीनं चार कडी कापून दिली. कापलेली कड पांढरी, खरबरीत होती, मीठ चोळल्यासारखी. फुटक्या बांगडीच्या तुकड्याची धार घेऊन ताहेरानं ती खरवडली. खरवडून गुळगुळीत झाली, पण उजेड काही आला नाही. आतून पाणी आणि कडेला धुकं.

"याले आग दाखवावी लागते," ती म्हणाली. लाखेवर जन्म गेला होता तिचा. कोणती वस्तू आगीला भिते आणि कोणती आगीनं खुलते, हे तिला बोटांनी कळायचं.

वाहेदनं आपली पंपाची बत्ती पेटवली, डबे झाळायची, रॉकेलची. ती फुरफुरली, गरजली. वापरून पाहायला एक उरलेला तुकडा समोर धरला आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच त्याच्या कडेवर बुडबुडे आले.

"पापड झाला, आपा."

"बंद कर ते राक्षस! डब्याची आग हाये ही, हाताची नाही."

मग तिनं सोनारासारखी फुंकणी घेतली आणि गोड्या तेलाच्या दिव्याची ज्योत फुंकून पाहिली. ती ज्योत नरम होती, पण काजळी धरायची. कडेवर काळी रेघ उमटली, पुसायला गेलं तर आतच बसलेली. ताहेरानं तुकडा फेकून दिला.

"मंग चुलीत घाल," वाहेद वैतागून म्हणाला.

"तुले चुलीत घालते, थांब. कारभारी सुतार लाख कायच्यात विरघळवते बे, पालिशसाठी?"

"सपिरिट."

"आन मंग. वाटीभर."

स्पिरिटच्या दिव्याची ज्योत उन्हात दिसतच नव्हती. ताहेरा दाराआडच्या अंधारात जाऊन बसली. तिथं ती निळी, बारीक दिसली. धूर नाही, आवाज नाही. तिनं पदरानं कडं पुसलं, कारण बोटाचा डागसुद्धा आगीत कायमचा बसतो हे एव्हाना कळलं होतं. फुंकणीनं ज्योत लांबवली आणि कडेवरून नेली. थांबली नाही. जिथं थांबली असती तिथं फुगलं असतं. एकदा नेली, गार होऊ दिलं, पुन्हा नेली. आणि धुकं विरलं. कड ओली झाल्यासारखी चमकली, आणि चमकतच राहिली.

वाहेद मागून वाकून बघत होता. "माशाल्ला," तो म्हणाला, आणि त्यानंतर टोमणा मारायचा विसरला.

पुढच्या फेरीत ताहेरानं कोकिळेच्या हाताला साबण लावला. पिंपळगावच्या ओट्यावर, सासू सत्यभामाबाई समोर उभी असताना. दोन्ही हातांत दोन दोन. कडी मुद्दाम घट्ट केली होती, सैल बांगडी निसटते म्हणून.

"लय आवळ हायेत व," कोकिळा दात दाबून म्हणाली.

"चढली का सुखाची. एक राहू दे, जुनी राहू दे... हां. आता काढते ती."

कोकिळेनं हात उंबऱ्यावर आपटला. टक्. बांगडी तशीच. पुन्हा आपटला. मग ती हसली. त्या घरात कुणी तिला इतक्यात हसताना पाहिलं नव्हतं.

"हे पाह्य," सत्यभामाबाई म्हणाल्या, "बांगडी हाये का भांडं हाये व हे? बाईच्या जातीनं थोडं फुटनारं घालावं."

"तुमच्याच लेकासाठी घातलं, आत्याबाई."

म्हातारी वळली. पदर तोंडाला लावून आत गेली. तिलाही तो हवाच होता. फक्त वाट पाहण्याचं बळ तिचं आधी संपलं होतं.

पहिल्या पेरणीच्या सुमारास मेहकरकडचा कडूबा नावाचा शिपाई पिंपळगावला आला. इंद्रभानच्याच तुकडीतला. तो ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पागोटं काढलेलं पाहूनच रामराव पाटील भिंतीला टेकले.

"नदीकाठी, दादा. तापानं. मीच माती देल्ली. इतके दिवस दवाखान्यात होतो, म्हनून याले उशीर झाला."

घरात चूल विझली. गल्लीतल्या बाया जमल्या. कोकिळेला मागच्या दारी नेलं. कुणीतरी तिचा हात पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं बांगडीवर घाव घातला. बांगडी उडाली, पुन्हा मनगटावर बसली. दुसरा घाव हाडावर गेला. तिसराही. कोकिळा ओरडली नाही, बायाच ओरडल्या. साबण लावून पाहिला, तर तोवर मनगटं सुजून बांगड्या मांसात रुतल्या होत्या.

"कोनी केल्या, तिले बोलवा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तिच्याच हातानं निघतील."

निरोप घेऊन बैलगाडीच आली. ताहेरानं टोपलीत करवत टाकली, दिवा आणि फुंकणी टाकली. नेहमीच्या सवयीनं बांगड्याही भरायला गेली आणि मग त्या एकेक करून परत काढून ठेवल्या.

मागच्या दारी कोकिळा भिंतीला पाठ लावून बसली होती. मनगटं निळी.

"या अल्ला," ताहेरा खाली बसली. "पोरी, हे म्या काय केलं? काचेची असती तं एका घावात..."

"तुम्ही नाही. म्या मांगतलं होतं."

"ताहेराबी, उरक," सत्यभामाबाई मागून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

ताहेरानं बांगडीखाली ओलं फडकं सरकवलं आणि करवत धरली. पांढरा भुगा फडक्यावर पडू लागला. पहिली निघाली. दुसरी निघाली. डावा हात मोकळा झाला. मग उजवा घेतला. तिसरी कापली, चिमटून उघडली, काढली. करवत चौथीवर टेकवली तेव्हा कोकिळेनं बोटं मिटली.

"एक राहू द्या, ताहेराबी."

ताहेराचा हात थांबला. हे वाक्य तिचं होतं. त्यानंतर तिच्याकडून नवी बांगडी यायची असते. तिनं टोपलीकडं पाहिलं. टोपलीत दिवा होता.

सत्यभामाबाईंनी तोंड फिरवलं.

"मले येत नाही राहू देता, पोरी," ताहेरा म्हणाली, आणि कापू लागली.

शेवटची निघाली तशी कोकिळेनं ती पकडली. एका बाजूनं कापलेली, फाकलेली.

"जोडता येते का?"

"नाही व. आगीनं कड सारखी होते. जोड नाही बसत."

"मंग कड तरी सारखी करून द्या. हातात टोचून राह्यली."

ताहेरानं दिवा बाहेर काढला, काडी पेटवायला घेतली.

"नको," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आज या घरात इस्तो नको पेटवू, ताहेरा. आज नको व."

काडी पेटीत परत गेली. कोकिळेनं ती खरबरीत बांगडी मुठीत धरली आणि मूठ पोटाशी. ताहेरा उठली. दोन्ही मनगटं रिकामी ठेवून मणियारीण उठली.

पुढंही ती पिंपळगावला जायची. पाटलांच्या ओट्याऐवजी पारावर बसायची. बाया विचारायच्या, "ते इमानाच्या बांगड्या नाहीत का व? फुटत नाहीत म्हनतात."

"संपल्या," ती म्हणायची. "काचेच्याच घाला. हे पाहा, हिरव्या हायेत."

उरलेला तुकडा वाहेदनं कोंबड्यांच्या खुराड्याला लावला. त्याची कड तशीच पांढरी होती. कोंबड्या आतून त्यावर चोच मारत राहायच्या, आणि आपा म्हणायची, "मारू दे बे. तुटत नाही ते."