दुसरा फटका

अकोल्यात अग्निशमन दलात लागलो तेव्हा वलगावच्या आमच्या घरी सगळ्यांना वाटायचं, की मी रोज आगीत उड्या मारतो. खरं म्हणजे आमचा फोन वाजला की बहुतेक वेळा कुणाचं तरी स्वयंपाकघरच असायचं. उंदरानं कुरतडलेली गॅसची नळी, भडकलेला गिझर, शॉक मारणारा कूलर. जायचं, बंद करायचं, घरच्यांना चार शब्द सुनवायचे आणि परत यायचं. त्या सकाळीही तसंच होईल असं वाटलं होतं.

एप्रिल होता. साडेनऊच्या सुमारास फोन आला. नवं सिलिंडर लावताना गॅस सुटलाय, रेग्युलेटर बसत नाही, बाई रडत होती. आम्ही तिघं निघालो. चालक, मी आणि आमचे लीडिंग फायरमन. ते तिवशाकडचे, पन्नाशीचे, जाडजूड, गालात कायम तंबाखूचा खर्रा. आम्ही त्यांना दादाच म्हणायचो. मला हे काम त्यांनीच शिकवलं.

गल्ली इतकी अरुंद, की गाडी तोंडाशीच उभी करावी लागली. वास तिथपर्यंत येत होता. दादांनी चालकाला कोपऱ्यावरच्या डीपीकडे पळवलं, लाइनमनला गाठून अख्ख्या गल्लीची लाइट बंद करायला. मग घरासमोरच्या माणसांवर ओरडले, "आतलं एक बी बटन दाबू नका! चालू असंन ते चालू राहू द्या, बंद असंन ते बंद."

बटण दाबताना आत एक ठिणगी पडते. एरवी ती दिसतही नाही. गॅस भरलेल्या घरात तेवढी पुरते.

दादा मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले. सिलिंडरच्या तोंडातली पिन अडकली होती आणि गॅस शिट्टी वाजवत बाहेर येत होता. त्या तोंडावर दाबून बसवायची टोपी दादांच्या खिशात असायची. माझं काम पुढच्या बाजूनं घर रिकामं करायचं आणि खिडक्या उघडायच्या. हातात आकडी होती, पुरुषभर उंचीचा लाकडी दांडा आणि टोकाला लोखंडी हूक.

घरमालक दारातच भेटला. चाळिशीचा, उंचापुरा, गाड्यांच्या वर्कशॉपात मेकॅनिक. बायकोपोरांना त्यानं बाहेर काढलं होतं. "माय आत हाय," तो म्हणाला. "तिले चालता येत नाई." आणि माझ्या पुढे आत घुसला.

मधल्या खोलीत लोखंडी पलंगावर म्हातारी पडली होती. लकव्यानं एक बाजू गेलेली. वासानं आणि उकाड्यानं तिचा जीव कासावीस झाला होता, तोंड उघडं टाकून ती श्वास ओढत होती. गॅस जड असतो, तो जमिनीवरून पसरत येतो. माझ्या पायांना गार लागलं तेव्हा मला कळलं, की आपण त्यात उभे आहोत.

पलंगाच्या उशाशी खिडकीत कूलर होता आणि भिंतीवर त्याचं बटण. त्यानं आईकडे पाहिलं आणि हात वर केला.

"हात नको लावू!" मी ओरडलो.

"वारा येईन ना तिले," तो म्हणाला. "गॅसबी निंगून जाईन."

माझ्यात आणि त्याच्यात पलंग होता. त्याचं बोट बटणाशी पोचलं होतं. मी आकडी दोन्ही हातांनी फिरवली आणि दांडा त्याच्या मनगटाच्या वर बसवला. हाड मोडल्याचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. वाळली तुऱ्हाटी मोडावी तसा तो आला. हात लोंबला, तो गुडघ्यावर बसला आणि "अबे, मारलं ना तुनं मले," एवढंच म्हणाला.

मी तिथंच थांबायला हवं होतं. बटण सुटलं होतं आणि तो खाली होता. पण भीतीनं माझं डोकं गेलं होतं. आम्ही सगळे आत्ता जळालो असतो, हे एकच दिसत होतं, आणि त्या भीतीचा मला इतका राग आला, की मी पुन्हा दांडा उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. जोरात, जीव खाऊन. फटका सरकला आणि टोकाचा लोखंडी हूक पलंगाच्या पायापासून वीतभरावर फरशीवर आपटला.

तेवढ्यात त्याचा साळा दारात आला. त्यानं जे पाहिलं ते असं, की खाली पडलेल्या भाऊजीला एक वर्दीवाला काठीनं झोडपतोय.

त्यानं मला गळपट्टी धरून ओढत बाहेर आणलं. गल्लीतले अजून दोघं धावले. पहिला ठोसा कानावर बसला, हेल्मेट गडगडत नालीत गेलं. "इझवाले आला का मारून टाकाले आला बे?" साळा ओरडत होता. कुणीतरी मागून कमरेत लाथ घातली, मी तोंडावर पडलो आणि पुढचा एक दात ओठातून आरपार गेला. मग चपला, बुक्के, एक पायताण मानेवर दाबलेलं. गल्लीच्या तोंडाशी चार-पाच जण मोबाइल वर धरून शूटिंग करत होते.

"माय आत हाय," मी म्हणत होतो. तोंडात रक्त होतं, शब्द नीट निघत नव्हते. "अबे, मारा मंग, पन तिले काढा." मला वाटतं कुणीच ऐकलं नाही. आतून दादांचा आवाज येत होता, माझं नाव घेऊन हाका मारत होते. खिडक्या अजून बंद आहेत हे त्यांना कळलं असणार.

मारहाण थांबवली ती घरमालकानंच. मोडका हात दुसऱ्या हातात धरून तो दारात आला, तोंड पांढरं पडलेलं. त्यानं साळ्याच्या पोटात लाथ घातली. "सोड त्याले! माय मरून राहिली आतमंदी!"

आम्ही दोघंच पुन्हा आत गेलो. गोधडीची दोन टोकं मी धरली, एक त्यानं चांगल्या हातात धरलं आणि एक दातात. म्हातारीला गोधडीसकट ओढत आम्ही ओटा उतरलो आणि समोरच्या घराच्या भिंतीआड टाकलं. मी खिडक्यांसाठी वळलो.

तेव्हा स्वयंपाकघरातला फ्रिज चालू झाला असावा. तो आपला आपण बंद-चालू होत असतो, त्याला कुणी हात लावावा लागत नाही. लाइट अजून गेली नव्हती.

आवाज मला आठवत नाही. दार चौकटीसकट माझ्या अंगावरून गेलं आणि मी समोरच्या भिंतीवर आपटलो. मधल्या खोलीच्या खिडकीतून कूलर उडून गल्लीत पडला आणि त्याच्या पत्र्यानं साळ्याची मांडी उघडी केली. स्वयंपाकघराची मागची भिंत अख्खी अंगणात झोपली. मग वरून विटांचे तुकडे, काचा, तांदूळ पडत राहिले, कितीतरी वेळ.

दादा मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापलीकडे सापडले. टोपी त्यांनी सिलिंडरवर बसवली होती. काम करून दाराबाहेर पाय टाकत होते तोच ज्वाळेनं त्यांना गाठलं. शर्ट पाठीला चिकटला होता, दोन्ही हातांची कातडी मोज्यासारखी लोंबत होती. मी पाणी मारत होतो आणि ते विचारत होते, "कुठं होता बे तू? खिडक्या काहून नाई उघडल्या?"

त्यांना नागपूरला नेलं. ते वाचले. पण हाताची बोटं एकमेकांना चिकटली आणि पुढं ते स्टेशनातल्या फोनवर बसले, रिसीव्हर दोन्ही मनगटांत धरून.

साळ्यानं माझ्याविरुद्ध तक्रार दिली आणि आमच्या ऑफिसनं त्याच्याविरुद्ध. माझ्या जबाबात मी लिहिलं, की स्विच दाबण्यापासून रोखण्यासाठी एक फटका मारावा लागला. घरमालकाला पोलिसांनी दवाखान्यात विचारलं, किती मारलं? तो म्हणाला, लागलं तेवढं माहीत आहे, मोजलं नाही. साहेब लोक मला शाबासकी देत होते. मी गप्प राहिलो.

पावसाळा संपताना मी त्याच्या घरी गेलो. दुसऱ्या गल्लीत भाड्यानं राहत होते. त्यानं आत बोलावलं, बायकोनं चहा टाकला. म्हातारी त्याच लोखंडी पलंगावर होती. त्यानं तिला सांगितलं, हे आगीवाले.

तिनं मान माझ्याकडे वळवली. बोलणं तिचं अर्धवटच होतं, पण हे स्पष्ट आलं. "दोनदा मारलं तुनं. मी पायलं."

"माय, जाऊ दे ना," तो म्हणाला.

"काहून जाऊ देऊ? एकदा बटनासाठी मारलं. दुसऱ्यांदा काहून मारलं माह्या पोराले?"

मी म्हटलं, "हो माय, दोनदा मारलं. दुसऱ्यांदा चुकलं माह्यं."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. त्याचा उजवा खांदा वर उचलला जात नव्हता, हे मला कप घेताना दिसलं. डाव्या हातानं उजवा कोपर उचलून त्यानं बशी पुढे केली. मनगटाचं हाड सरळ जुळलं होतं. खांदा जुळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात नवा जबाब लिहून दिला. साहेब चिडले, म्हणाले, मिटलेलं प्रकरण का उकरतोस? चौकशी झाली आणि मला सहा महिने घरी बसवलं. दादांना सांगायला गेलो तेव्हा ते फोनवरच होते. मी सगळं सांगितलं. तो दुसरा फटका नसता तर साळा धावून आला नसता, खिडक्या उघडल्या असत्या, हेही म्हणालो. ते त्यांना आधीच कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोन वाजला, तो त्यांनी मनगटांत उचलला, पत्ता विचारला, आणि मला म्हणाले, "नळी फुटली हाय डाबकी रोडले. पोरायले सांग, गाडी काढा म्हना."