ओळखलेली खिरापत

शिकायला परदेशी जाणारी मुलं मी पुष्कळ पाहिली, त्यातला एक तर माझ्याच पोटचा. पण कुणी परदेशातून शिकायला आमच्या जबलपूरला, तेही दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत येईल, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता मात्र तसं झालं. तिकडच्या एका कॉलेजातल्या पाच-सहा मुली आल्या. विषय काय, तर माणसं पुष्कळ वर्षं आणि सुखानं कशी जगतात. योग, जेवण आणि शेजारपाजार, हा त्यांचा अभ्यासक्रम. आमच्या सकाळच्या योगवर्गातल्या मराठी बायका बहुतेक सत्तरीच्या आसपासच्या, म्हणून अभ्यासाला आम्ही. रेल्वेच्या ऑफिसात जन्मभर फायली चाळल्या, म्हटलं चला, आता आपलीच फाइल होऊ दे.

वर्ग घेते माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच सुमारास लग्न होऊन या गल्लीत आलो, आणि दोघींचेही नवरे आता नाहीत. माझा मुलगा तिला मावशी म्हणतच मोठा झाला. एखादी बाई सकाळी आसनांना आली नाही की ही थेट तिच्या दारात हजर. मुलींबरोबर आलेल्या त्यांच्या शिक्षिका बाईंना याचं फार कौतुक वाटलं. आपली कुणी वाट बघतं, यानंच माणसाचं आयुष्य वाढतं, असं त्या म्हणाल्या. मैत्रिणीनं लगेच पदर सावरून घेतला, जणू सगळ्यांचं आयुष्य तीच वाढवून देते.

एकेक मुलगी एकेका घरी जेवायला नेमली होती. माझ्याकडची इतकी उंच, की पाटावर बसली की गुडघे हनुवटीला लागायचे. हिंदी मात्र छान बोलायची. दोन-तीन दिवस मला आंटी म्हणाली, मग बायकांचं मावशी ऐकून मौसी म्हणायला लागली. पुढच्या खोलीत बसायचं सोडून स्वयंपाकघरात यायची, लसूण सोलायची, भाकरी थापायचा प्रयत्न करायची आणि परातीला चिकटवून ठेवायची. आमच्यात पाहुणा बाहेर बसतो. जो आत येऊन लसूण सोलतो तो घरचा, आणि गॅसपाशी झालेलं बोलणं उंबऱ्याबाहेर जात नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते सांगावं लागतं हे मला सुचलं नाही.

एका दुपारी तिनं विचारलं, "मौसी, आपका बेटा आपको कब बुला रहा है?" गल्लीतल्या सगळ्यांना मी हेच सांगत आले होते. यंदा थंडी कमी झाली की जाणार, यंदा नातवाची परीक्षा झाली की जाणार. पासपोर्ट काढला, लोकरीचा कोट शिवला, तो सगळ्यांना दाखवलासुद्धा. आणि खरं काय ते फक्त मला माहीत होतं. मुलानं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, आई, तुझं इथे जमणार नाही, तू येऊ नकोस. त्यानंतर त्याचा फोन सणावारालाच यायचा, तोही घाईतला. मी स्वतःहून करत नव्हते. म्हटलं, त्याला आठवण येईल तेव्हा येईल. त्या आशेवर माझं बरं चाललं होतं. हे सगळं मी त्या मुलीला सांगून टाकलं. का सांगितलं? ती चार आठवड्यांनी जाणार होती, म्हणून. कुणाला सांगू नकोस असं म्हटलं नाही. लसूण सोलणारीला तसं म्हणत नाहीत.

मग भुलाबाईची गाणी आली. ती खरी पोरींची. पण इथल्या पोरींना मराठी समजतं, बोलता येत नाही, तेव्हा फेर धरायची वेळ आम्हा म्हाताऱ्यांवर आली आहे. गाणी झाली की खिरापत. झाकलेला डबा वाजवून दाखवायचा, आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं, आणि ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. माझी खिरापत मैत्रिणीला कधीच ओळखता आलेली नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ती चिवडा म्हणते, करंजी म्हणते, चिडते, आणि शेवटी हात टेकते. तिचे हात टेकलेले बघण्यात मला काय सुख आहे ते मीच जाणे.

त्या वर्षी मुली कुंडमकडच्या आदिवासी गावांत जाऊन आल्या होत्या. माझ्याकडचीनं तिथून वाळलेली मोहाची फुलं आणली. आमच्या घरांत मोह म्हटलं की दारूच आठवते, त्याचं खायला करतात हे कुणाच्या गावीही नसतं. आम्ही दोघींनी दार लावून फुलं भाजली, तीळ-गूळ घातला आणि लाडू वळले. डबा वाजवून मी विचारलं, "ओळखा!" बायकांनी तोंडं उघडायच्या आतच मैत्रीण म्हणाली, "मोहाचे लाडू."

सगळ्या हसल्या, टाळ्या पिटल्या. मैत्रीणही हसत होती, आणि हसता हसता तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. जिंकायचा मोह तिला आवरला नव्हता. लाडवांची बातमी तिच्यापर्यंत पोचली, तर बाकीचंही पोचलं असणार.

मुलीला मी तिथेच दाराशी गाठलं. मैत्रिणीनंच विचारायला लावलं होतं आणि ऐकलेलं सगळं तिच्या कानावर घातलं, हे तिनं कबूल केलं, आणि तिला यात काही वाईट केल्यासारखंही वाटत नव्हतं. "लेकिन मौसी, वो तो आपकी अपनी हैं ना?" म्हणाली आणि माझा चेहरा बघून रडायला लागली. तिच्यावर मी काय चिडणार? शेजारपाजार म्हणजे सुख, हेच तिला शिकवलं होतं.

मैत्रिणीला मात्र मी सोडलं नाही. बायका गेल्यावर विचारलं, "काहून गं, त्या पोरीला माझ्यावर सोडून राहिली होतीस?"

"हो, मीच म्हटलं तिला, विचारून पाहा," ती म्हणाली. "आमच्याजवळ तू तोंड उघडत नव्हतीस. तो कोट दाखवत होतीस ना, तेव्हाच कळलं होतं सगळ्यांना."

सगळ्यांना! म्हणजे मी थंडीच्या, परीक्षेच्या गोष्टी सांगत होते, आणि या माना डोलवत होत्या. "अच्छा, यंदा नक्की जाशील," असं म्हणत होत्या. माझं खोटं निदान माझं होतं. यांचं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं. मी तिला म्हटलं, माझ्या दारात पाय ठेवू नकोस. ती म्हणाली, "चलो, राग ओसरला की बोलू."

त्या रविवारी मुलाचा फोन आला. सण नव्हता, वाढदिवस नव्हता. जेवलीस का, झोप लागते का, आसनं जमतात का, घाई नाही, सगळं अगदी सावकाश. किती दिवस मी हाच फोन मनात ऐकत होते. पहिली काही मिनिटं मी हरखून नुसती हो-हो म्हणत राहिले. मग मी विचारलं, "मावशीचा फोन आला होता का?"

तो म्हणाला, "हो. खूप बोलली मला."

मुली गेल्या. मैत्रीण वर्ग घेते, मीही जाते, मागच्या रांगेत बसते. चुकवला तर दारात येईल, आणि ते मला नको आहे. आता मुलाचा फोन दर रविवारी येतो. कधीकधी तो खरंच हसतो, नातवाला बोलायला लावतो. पण त्याला माझी आठवण येते म्हणून तो फोन करतो, की तिनं झापलं म्हणून, हे मला आता मरेपर्यंत कळायचं नाही. आपण होऊन त्याचा एक फोन आला असता. उशिरा आला असता, पण आला असता. तो तिनं हिरावून घेतला.