आबांचा छकडा

काल चहाच्या टपरीपुढं एक लाल स्पोर्ट्स कार थांबली. इतकी बुटकी, की तिच्याकडं बघायला मला कमरेत वाकावं लागलं. मी सहसा कुणापुढं वाकत नाही.

"किती पळते हो?" मी मालकाला विचारलं.

"रस्ता मिळाला तर सांगतो, आजोबा," तो हसला. मग गाडीच्या नाकावरचं नाव दाखवून म्हणाला, "ज्यानं पहिली गाडी बनवली, त्याचं आडनाव आहे हे. माणूस कधीच गेला, नाव अजून पळतंय."

माझ्या डोळ्यांपुढं आमचे आबा, माझे वडील, उभे राहिले. आबा बैलांच्या शर्यतीचे छकडे बनवायचे. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "आधी बैल दाखव." बैलांची चाल बघितल्याशिवाय त्यांनी कधी लाकडाला हात लावला नाही. छकडा असा हलका, की एकट्यानं उचलावा. पण त्यावर नाव कुठंच नाही. "पळतो बैल, नाव त्याचं," म्हणायचे. शाळा मी फार शिकलो नाही, पण हे मला पटलेलं होतं. काल पहिल्यांदा वाटलं, आबांनी कुठंतरी आपलं नाव कोरायला हवं होतं.

त्यांचा शेवटचा छकडा आमच्या पडवीत आहे. हायवेवरच्या हॉटेलवाल्याला तो दारात शोभेला हवाय. घरी आलो तर माझा मुलगा दिलीप पुन्हा तेच म्हणाला, "अण्णा, देऊन टाका की. इथं वाळवी खाईल त्याला."

मी छकड्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि म्हणालो, "त्याला सांग, आधी बैल दाखव."