सुशीलाचं गाऱ्हाणं

सुशीलाला सुदेशशेठवर सूड उगवायचा होता, आणि हे ती कुणापासून लपवत नव्हती. बाजारात, एसटीत, भेटेल त्याला सांगायची. सांगायला दम पुरायचा नाही, ही गोष्ट वेगळी.

शेठच्या सिलिका वाळूच्या प्लांटवर तिनं तोंडाला पदर बांधून वाळू चाळली, उमेदीची वर्षं सरेपर्यंत. धाप लागायला लागली तेव्हा शेठ गावभर म्हणाला, "चुलीच्या धुरान छाती गेली तिची. माझ्या प्लांटाक दोष कित्याक?" आणि मेल्यांनी मान डोलावली! अर्धा गाव त्याच्याकडेच कामाला.

दवाखान्यात डॉक्टर अपेक्षांनी तिच्या छातीचा फोटो उजेडात धरला. "जखम भरायला कोलॅजेन नावाचा चिवट धागा लागतो. तो विणायचा हुकूम पेशीतल्या जनुकातून सुटतो. जखम भरली की हुकूम थांबतो. तुमच्या फुफ्फुसात वाळूची धूळ रुतलीय. आजूबाजूच्या पेशी इशारे देतच राहतात, म्हणून ते जनुक बंदच होत नाही. वणावर वण चढतोय."

"बंद करूचा औषध?"

"वेग थोडा कमी होईल. बंद नाही होणार."

"आणि धूर?"

"फोटोत या गाठी दिसतायत ना, त्या धुराच्या नाहीत. धुळीच्याच."

सुशीला रडली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जत्रेच्या दिवशी देवळात तिनं दाजी गुरवाला गाठलं. देवापुढे गाऱ्हाणं दाजीनं घालायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही गावची रीत. काय बोलायचं ते तिनं त्याच्या कानात सांगितलं. दाजीनं हळूच आजूबाजूला पाहिलं.

"शेठ फुडेच उभो आसतलो गो!"

"म्हणानच. माका दम नाय, तू बोल."

शेठ सगळ्यांत पुढे, हात जोडून, डोळे मिटून उभा होता. दाजी सुरू झाला. "गावाक सुखी ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोराबाळांक सांभाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सुशीलाची छाती प्लांटातल्या धुळीन गेली, धुरान नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेठचा आवाज सगळ्यांत मोठा. म्हणून झाल्यावर त्यानं डोळे उघडले.

देवासमोर दिलेला होकार, आता गिळणार कसा? सुशीलाच्या अंगात असा आनंद उसळला की तिला धापेचं भान राहिलं नाही.

"आयकलात मां? शेठान स्वतः म्हटल्यान! दाजी, फुडचा बोल."

दाजीनं शेठकडे पाठ केली. "ज्येनां खोटा पसरवल्यान, तेकाय अशीच धाप लागांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्लांटवरचे कामगार सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. एकटा शेठ तेवढा गप्प होता.