नरसिंहाची वाटणी

सांगवण पाण्याखाली गेलं त्याच्या थोडंसं आधी गावच्या सोंगांची, जत्रेत नाचवायच्या देवा-राक्षसांच्या मुखवट्यांची, वाटणी झाली, आणि साळूबाई कुंभारणीला त्या वाटणीला कुणी बोलावलंसुद्धा नाही.

ही सत्तावीस-अठ्ठावीस सालची गोष्ट. खाली वेळवंडीवर सरकारनं धरण घातलं होतं आणि पाणी हळूहळू माळ चढत होतं. निम्म्या गावाला वर डोंगराच्या पोटात जागा मिळाली होती, निम्म्याला पल्याड, कापूरहोळच्या अंगाला. गाड्यांवर जाती, उखळं, दारांच्या चौकटी चढत होत्या. साळूबाई नदीकाठच्या आपल्या आव्याजवळ बसून शेवटची भाजलेली मडकी काढत होती, तेवढ्यात भामाबाई धनगरीण धापा टाकत आली.

"साळे, हितं काय बसलीस? तिकडं देवळाम्होरं सोंगं वाटून घ्यायला लागल्यात."

साळूबाई हात न धुताच पळाली. देवळापुढं सोंगांचा पेटारा उघडा पडला होता. एका बाजूला पल्याड जाणाऱ्यांचा पुढारी मानसिंग, दुसऱ्या बाजूला वर जाणाऱ्यांचा कुंडलिक. शेतं वाटावीत तशी दोघं सोंगं वाटत होते. गणपती इकडं, सरस्वती तिकडं. वेताळ इकडं, मारुती तिकडं. मानसिंगच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या नरसिंह नाचवायचा मान होता, म्हणून नरसिंह त्याचा. कुंडलिकच्या घराण्याकडं हिरण्यकश्यपूचा, म्हणून तो त्याचा.

"आवं, पर नरसिंव्हानं मारायचं कुणाला?" साळूबाई ओरडली. "आन ह्या राक्षसाला मारायचं कुनी?"

"ते बघू मागनं," मानसिंग म्हणाला. "तुमी मडकी बघा, साळूबाई."

तिच्या हातांवरची माती वाळून कोपरापर्यंत तडकली होती. ती त्या हातांकडं बघत राहिली. ही सोंगं तिच्या सासऱ्यानं घडवली होती, सासऱ्यामागं नवऱ्यानं, आणि नवरा गेल्यावर तिनं. बाईमाणसानं देवाचं तोंड घडवावं का, यावर पंचांनी तेव्हा बराच काथ्याकूट केला होता. पण दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं, म्हणून गप बसले होते.

सोंग करायची रीत अशी: मातीचा साचा करायचा, तो वाळला की चिंचोक्याच्या खळीत भिजवलेल्या चिंध्या त्यावर थरावर थर डकवायच्या, सुकलं की साच्यावरून उतरवून घ्यायचं. मग गेरू, हळद, काजळी, नीळ. पण या गावची खरी रीत चिंध्यांची होती. जत्रेआधी दरसाल प्रत्येक घरातून एक चिंधी यायची, कुणाच्या लुगड्याचा काठ, कुणाच्या मुंडाशाचं टोक, कुणाच्या बाळाची फाटकी कुंची, आणि जुन्या सोंगाचा रंग खरवडून त्यावर त्यांचा नवा थर चढायचा. महारवाड्यातनंही चिंध्या यायच्या. धनगरवाड्यावरनं आयाळीची लोकर यायची. कुणाची चिंधी कुणाच्या शेजारी बसली हे विचारायची सोय सासऱ्यानं ठेवली नव्हती. विचारणाऱ्याला तो सरळ म्हणायचा, "तुझं तू घरी कर की सोंग." नरसिंह सगळ्यांत जुना. दरसाल जड होत चाललेला. तो चढवून नाचलं की मानसिंगची मान चार दिवस धरायची.

गाव हललं. नदीकाठचा आवा बुडाला, चिकणमातीची दरड बुडाली, सोंगांचे साचेही घाईत मागं राहिले आणि पाण्यात विरघळले. साळूबाईला वरच्या वाडीत घराला जागा मिळाली, ती निव्वळ कातळाची. मोजणीला आलेल्या सरकारी माणसाला तिनं विचारलं, "ह्यात कुदळ शिरंना, माती कुठनं आनू?" तो म्हणाला, तुमच्या नावावर जमीन नव्हती, घराची जागा मिळाली हेच पुष्कळ. तिनं त्याला तोंडावर जे सुनावलं ते वाडीतल्या बायका पुढं कितीतरी दिवस एकमेकींना सांगून हसत होत्या. साळूबाईला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. कुंभारणीच्या घरात माती नाही. पाटीभर मातीसाठी तिला विंझरच्या वाटेला जावं लागायचं आणि तीही भुसभुशीत निघायची.

चैत्र आला. दोन्ही वाड्यांनी आपापली जत्रा केली. वरच्या वाडीत कुंडलिक हिरण्यकश्यपू होऊन दिवसभर डरकाळ्या फोडत हिंडला. त्याला मारायला कुणीच नव्हतं. शेवटी दमून तो पारावर बसला आणि सोंग काढून पाणी प्याला. पल्याडच्या, खालच्या वाडीत मानसिंगचा नरसिंह खांबाआडून बाहेर आला आणि राक्षस नाही म्हणून त्यानं मांडीवर भोपळा घेऊन फाडला. पोरं हसली. हे ऐकून साळूबाई भामाबाईला म्हणाली, "देवाचं हसं केलं मेल्यांनी. आन ह्यांना त्याची लाजबी वाटंना."

"आमाला दोन्हीकडनं लोकर मागितली," भामाबाई म्हणाली. "आन वर इचारत्यात, तुमी कुठल्या वाडीचे? आमची मेंढरं कुठल्या वाडीची हायेत गं साळे?"

पुढच्या माघात एके दिवशी दुपारी मानसिंग होडीनं या तीराला आला. सोबत चार गडी आणि कांबळ्यात गुंडाळलेला नरसिंह. भोपळा फाडताना सोंगाचा जबडा उकलला होता आणि आयाळ उंदरांनी खाल्ली होती. साळूबाईच्या अंगणात त्यानं कांबळं सोडलं.

"साळूबाई, एवढं नीट करून द्या. आन जमलं तर एक राक्षसबी करा आमाला."

होडी आलेली कुंडलिकनं बघितलीच होती. तोही आपली माणसं घेऊन अंगणात आला.

"आता आणलाय तर हितंच ऱ्हाऊ द्या नरसिंव्ह," तो म्हणाला. "साळूकाकू आमच्या वाडीची हाये. तुमी दुसरा करा."

"आमच्या घराण्याचा मान हाये त्यो!"

"मान तुमच्या घराण्याचा, पर देव काय तुमच्या बाचा हाय?"

शब्दानं शब्द वाढला. कुंडलिकनं सोंगाच्या एका कानाला धरलं, मानसिंगनं दुसऱ्या. उकललेला जबडा आणखी फाटला. साळूबाई उंबऱ्यात उभी होती. वाटणीच्या दिवसापासून जे तिच्या छातीत साठून राहिलं होतं ते त्या आवाजासरशी वर आलं. तिनं दोघांच्या मध्ये शिरून सोंग हिसकावून घेतलं.

"वाटणी पायजे न्हवं तुमाला? नीट करू या वाटणी."

चुलीवर काहिलीत पाणी तापत होतं. तिनं काहील तशीच उतरवून अंगणात आणली आणि नरसिंह त्यात बुडवला.

"काकू!" कुंडलिक ओरडला.

"गप ऱ्हा! कुनी पुढं आला तर हे पानी तोंडावर मारीन."

कुणी पुढं आलं नाही. रंग सुटून पाणी लाल झालं. चिंचोक्याची खळ भिजली आणि थर सैल झाले. पाणी हाताला सोसेल इतकं निवल्यावर साळूबाईनं बोटं घालून एकेक थर सोलायला सुरुवात केली.

"ही बघ मानसिंगा, हिरव्या काठाची. तुझ्या आज्जीच्या लुगड्याची. घे." तिनं मानसिंगराव म्हटलं नाही, आणि ते मानसिंगच्याही लक्षात आलं. "आन तिच्या पोटाला चिकटलेली ही कुंडलिकच्या चुलत्याच्या मुंडाशाची. सोडीव. सोडीव की! का फाटती? ही महारवाड्यातली, सखूच्या घरची. ही कुठल्या वाडीला जायाची? त्यांना तर कुनी पेटाऱ्याम्होरं हुबंबी केलं न्हाई. ही कुंची तुझ्या पोरीची कुंडलिका, पटकीत गेली तिची. घे, तुझ्या वाटणीला आली."

कुंडलिकनं ती ओली चिंधी दोन्ही हातांत घेतली. मानसिंगचे गडी मागं सरकले. साळूबाई सोलतच होती. देवाचं नाक गेलं, भुवया गेल्या. आतल्या थरांत तिच्या बोटांना एक जाड कापड लागलं. गेनूच्या, तिच्या नवऱ्याच्या अंगातल्या कोपरीचा तुकडा, आव्यातली ठिणगी उडून जळालेल्या भोकासकट. तो गेला त्या साली तिनं स्वतःच तो डकवला होता. इतका आत गेला असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिचे हात थांबले. मग तो तुकडा तिनं सोडवला नाही. उरलेला लगदा तसाच काहिलीत सोडला.

"झाली वाटणी," ती म्हणाली. "निघा आता."

माणसं गेली ती तोंडाला येईल ते बोलत गेली. तिनं देव मोडला, तिच्या अंगात काहीतरी शिरलंय, तिच्या दारात पाऊल टाकायचं नाही. वरच्या वाडीनंही तिला टाकलं आणि खालचीनंही. पाणवठ्यावर बायका तिला बघून गप व्हायच्या. रात्रंदिवस काम करणारी बाई रिकाम्या हातानं बसून राहायची. साचा बुडाला होता, सोंग गेलं होतं; सासऱ्यानं घडवलेला तो चेहरा आता कुठंच उरला नव्हता आणि तो तिनंच पुसला होता. तिला स्वतःचा राग यायचा. मग मानसिंग आठवायचा, कुंडलिक आठवायचा, तो मोजणीवाला आठवायचा, आणि त्यांचा राग तिच्या स्वतःवरच्या रागाहून कितीतरी मोठा होता.

येत होती ती एकटी भामाबाई. एकदा लोकरीचं गाठोडं तिच्यापुढं टाकून म्हणाली, "किती दिस फुगून बसनार? मोडायला येतंय तर करायलाबी येतंय की."

"कशाचं करू? माती कुठं हाये?"

"पानी उतरायला लागलंय. जुनं गाव उघडं पडतंय. बघितलंस का?"

चैत्र सरत आला होता, तरी जत्रेचं कुणी नाव काढत नव्हतं. साळूबाई दुसऱ्या दिवशी उतार उतरून खाली गेली. धरणाचं पाणी आटून खोल गेलं होतं आणि गाळातून सांगवण वर आलं होतं. भिंतींचे बुंधे, देवळाचा चौथरा, तिच्या आव्याचा काळा गोल. आणि दरडीची चिकणमाती, तशीच, दोन हात खाली. तिनं ती काढली, तुडवली आणि देवळाच्या चौथऱ्यावर साचा घडवायला बसली. ती माती वर घरी नेता आली असती. पण तिनं नेली नाही.

पाणी दूर जाऊन नदी पायउतार झाल्यानं दोन्ही वाड्यांच्या बायकांना हंडे घेऊन तिथंच उतरावं लागायचं. पहिल्या दिवशी त्या लांबूनच बघून गेल्या. मग मानसिंगची म्हातारी आई, बाळाबाई, काठी टेकत आली आणि लुगड्याच्या पदराचा तुकडा फाडून चौथऱ्यावर ठेवला.

"पोरगं माझं येडं हाये," ती म्हणाली. "पर ही चिंधी माझी हाये."

त्यानंतर रोज कुणी ना कुणी यायचं. वरच्या वाडीतली एक, खालच्या वाडीतल्या दोघी. महारवाड्यातली सखू आली ती लांब उभी राहिली, तेव्हा साळूबाई तिच्यावर खेकसली, "तिथनं फेकनार हाईस का? हितं ये आन खळ ढवळ." बाकीच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एक हंडा उचलून निघूनही गेली. पण सखू आली आणि खळ ढवळायला बसली.

काहिलीतल्या लगद्यातून काढून ठेवलेला गेनूच्या कोपरीचा तुकडा साळूबाईनं सगळ्यांत खालच्या थराला घातला.

नवा नरसिंह जुन्यासारखा झाला नाही. जबडा जड झाला, डोळे बारीक झाले. तिला तो पसंत नव्हता आणि चांगला झालाय म्हणणाऱ्यांनाही तिनं झिडकारलं.

गडी सगळ्यांत शेवटी आले. मानसिंग आणि कुंडलिक दोन बाजूंनी चौथऱ्याशी उभे राहिले, एकमेकांकडं न बघता.

"ऐका," साळूबाई म्हणाली. "सोंग नाचंल ते हितं, ह्या गाळात. पानी उतरलं की जत्रा. एकच. दोगांनीबी आपली सोंगं आनायची. आन जत्रा झाली की पेटारा भामीच्या वाड्यावर जायाचा."

"धनगराच्या घरात देव?" मानसिंग म्हणाला.

"त्ये ना तुझ्या वाडीचे, ना ह्याच्या. न्हाई पटत तर काहील अजून माज्याकडंच हाये."

मानसिंगचा चेहरा लाल झाला. पण मागं त्याची आई उभी होती, आणि बायका उभ्या होत्या, आणि त्यातली एकही हलत नव्हती. त्यानं आपल्या वाडीची सोंगं आणायला गडी धाडले.

दिवस कलताना जत्रा झाली. डफ वाजला, नरसिंह पडक्या भिंतीआडून निघाला, त्यानं राक्षसाला मांडीवर घेतलं आणि मानसिंगनं असे दणके घातले की त्यात सोंगाचं काही नव्हतं. कुंडलिकनंही खालून लाथ घातली. दोघं गाळात लोळले. साळूबाई धावली ती त्यांना सोडवायला नाही. "सोंगं काढा आधी! मग मरा!" असं ओरडत तिनं दोघांच्या डोक्यावरनं सोंगं ओढून घेतली. ती भामाबाईच्या हवाली केल्यावरच तिनं मागं वळून पाहिलं. तोवर दोघं उठून, तोंडावरचा गाळ पुसत उभे होते आणि लोक हसत होते.

मानसिंग आणि कुंडलिक पुढं मरेपर्यंत एकमेकांशी धड बोलले नाहीत. जत्रेला मात्र दरसाल आले. एका साली पाणी उतरलंच नाही, तेव्हा दोघांनीही आपापल्या वाडीत वेगळी जत्रा करायची गोष्ट काढली नाही. साळूबाई त्या साली चढावर उभी राहून पाण्याला शिव्या देत होती, तेव्हा कुंडलिक तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि त्यालाही दोन शिव्या दिल्या.