फितीवरचा वन्समोर

रस्त्याकडेच्या ज्वारीच्या शेतावर पाखरं हाकलायला कॅसेटची फीत ताणून बांधली होती. वारा आला की ती तपकिरी फीत उन्हात चमकायची आणि एकाच सुरात भुणभुणायची. मी गाडी थांबवून ऐकत राहिलो.

आमच्या गावात ऑर्केस्ट्रा आला की सुधाकर, माझा कॉलेजातला मित्र, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसायचा. गप्प बसणं त्याला कधी जमलं नाही. गाणं संपायच्या आतच तो "वन्समोर" ओरडायचा, त्यामुळे आमच्या प्रत्येक कॅसेटवर गायकापेक्षा त्याचाच आवाज मोठा. "सगळ्या गाण्याची वाट लावलीस," म्हणून मी चिडायचो.

सुधाकर गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्या आधीच, घर बदलताना, मी त्या सगळ्या कॅसेट भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या. ती गाणी काय, आजही मिळतात. मोबाइलवर बोट ठेवलं की लागतात, अगदी स्वच्छ, मधे कुणी ओरडत नाही. मला ती ऐकवत नाहीत.

शेतात एक बाई खुरपत होत्या. त्यांना विचारलं, "यावर गाणी कुठली होती हो?"

"काय माहीत. भंगारवाल्याकडनं आणली," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पहिले दोन दिवस भ्यायची पाखरं. आता तिच्याखालीच बसून दाणे खातात."