हँडलखालचे ओरखडे

गाडीच्या डाव्या दाराच्या हँडलखाली आईच्या बांगड्यांचे बारीक ओरखडे होते. आज सकाळी पॉलिश लावून ते घासत बसलो. ओरखडे गेले, पण उन्हात पाहिलं तर तिथे फडक्याची गोल गोल वळणं उमटली होती. पुसल्याचीही खूण राहतेच.

गाडी नवी असताना मी एकदा आईवर ओरडलो होतो, "अगं, बांगड्या!" तेव्हापासून ती दाराला हात लावत नाही. हात पदरात घेऊन बाजूला उभी राहते. आजही राहिली. मी दार उघडलं.

"आईसाठी दार उघडणारा मुलगा मिळायला नशीब लागतं हो," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"हो, फार जपतो," आई म्हणाली.

काय जपतो, ते तिने सांगितलं नाही. मी मान खाली घालून दार लावलं. सवयीने, अगदी हलक्या हाताने.